अडतं कुठे, ते आधी हेर

पोरी, शाळेतून सांगितलं की लेकाला वाचता येत नाही, आणि तुझा जीव अर्धा झाला. पण 'वाचता येत नाही' हे फार ढोबळ बोलणं झालं, त्यावर कोणालाच काही उपाय करता येत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर पहिली-दुसरी शिकवली. तुला पहिली गोष्ट सांगते ती हीच, की पोराचं नेमकं कुठे अडतं ते आधी हेर.

एक जुनी वही घे. तो वाचत असताना मध्ये टोकू नकोस. कोणता शब्द चुकला आणि त्याच्या जागी तो काय म्हणाला, एवढंच लिहून ठेव. थोड्याच दिवसांत वही बोलायला लागेल. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य यांतच घोळ होत असेल तर अडचण आकाराची आहे. 'दिवस' अडत असेल तर वेलांटीकडे बघ. ती आपण लिहितो 'द'च्या आधी आणि उच्चारतो 'द'च्या नंतर. 'सूर्य'मधला रफार 'य'च्या डोक्यावर बसतो, पण तोंडात 'य'च्या आधी येतो. आपल्याला सवयीने हे दिसेनासं झालंय, त्याला दिसतं आणि तो थांबतो. त्याला आळशी म्हणू नकोस, कोणाला म्हणूही देऊ नकोस.

आकड्यांचंही तसंच. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी, म्हणून तो 52 लिहून मोकळा होतो. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी या नव्या वाचनाची बाजू शांतपणे समजावून सांगितली. मला ते तेव्हाही पटलं होतं. तू घरी दोन्ही म्हणत जा, 'वीस पाच, पंचवीस'. ऐकता ऐकता दोन्ही जुळतील.

आता दवाखान्याचं. सगळ्यांत आधी भंडाऱ्याला नेऊन कान आणि डोळे तपासून घे. नीट ऐकूच येत नसेल तर बाकी सगळी धावपळ वाया जाते. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्या कानावर घाल. मोहाडीच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षाच्या विशेष शिक्षकांची चौकशी कर. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. नाव ऐकून दचकू नकोस. पक्कं निदान साधारण आठ वर्षांनंतर होतं, पण मदत त्याआधी सुरू करायला कोणाची आडकाठी नाही.

थेरपीला नागपूरला जावं लागलं तर आपल्याला भंडारा रोड स्टेशन दारातच आहे. थेरपीच्या ठिकाणी पोराला आत सोडून बाहेर मोबाईल बघत बसू नकोस. निघताना थेरपिस्टला विचार, 'या आठवड्यात घरी एकच गोष्ट करायची तर कोणती?' आणि तेवढीच रोज कर. आठवड्यातल्या त्या तासाला घरच्या रोजच्या पंधरा मिनिटांची जोड हवीच. जो कोणी गोळी, काढा किंवा डोळ्यांच्या व्यायामाने वाचन सुधारून देतो म्हणेल, त्याच्याकडे पैसे घालू नकोस.

गाडीतला वेळही कामाचा आहे. पॅसेंजरने गेलात तर खात, रेवराल, तारसा, चाचेर, सालवा, कन्हान, कामठी, सगळ्या पिवळ्या पाट्या समोरून जातात. 'खात' हा दोन अक्षरांचा, एका कान्याचा शब्द. पहिल्या दिवशी तेवढाच त्याचा. पुढच्या खेपेला 'सालवा' दे. गोंदियाकडे निघालात तर 'तुमसर रोड' आहे, त्यातल्या 'तुमसर'मध्ये एक उकार सोडला तर काही नाही. मोठी अक्षरं, एका पाटीवर एकच गाव, आणि पाटी येणार हे आधीच ठाऊक. पुस्तकाच्या गच्च पानापेक्षा हे त्याला कितीतरी सोपं जातं.

बोटांत ताकद नसेल, पेन्सिल घट्ट धरून हात दुखत असेल, तर पानं भरून लिहायला लावू नकोस. हिवाळ्यात पोपटाच्या शेंगा सोलायला दे, कणीक मळू दे. सुपात तांदूळ पसरून त्यात बोटाने 'भ' काढायला लाव, तोंडाने म्हणत म्हणत. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांधीवर ने. चिखलात पाय रोवून पऱ्हे लावताना अंगाला तोल सावरावा लागतो, ओळ धरावी लागते. धुऱ्यावर काठीने चिखलात अक्षर काढलं आणि पुसलं, तर चुकल्याची खूणही उरत नाही. रानात फिरल्याने वाचता येईल असं मी म्हणणार नाही. पण ज्याचं चित्त टिकत नाही त्याला झाडांत फिरवून आणावं आणि मग अभ्यासाला बसवावं. इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 मध्ये अशा चंचल मुलांबाबत हेच मांडलं. बागेतल्या वीस मिनिटांच्या फेरीनंतर ती मुलं जास्त एकाग्र झाली होती, शहरातल्या रस्त्यावरच्या फेरीनंतर तेवढी नाही.

संध्याकाळी अष्टाचंगा मांड. कवड्या नसल्या तर चिंचोके फोडून घे, एक बाजू पांढरी, एक काळी. चारही उताणे पडले तर चार, चारही पालथे तर आठ. नुसतं बघून किती ते ओळखणं, तेवढी घरं मोजत सोंगटी नेणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हे सगळं त्यात आहे आणि त्याला अभ्यासाचा वासही येत नाही. सनफ्लॅग कारखान्याच्या पाळीवरून आलेला बाप दहा मिनिटं खेळला तरी पुष्कळ. मोठ्या बहिणीला मात्र बजाव, त्याच्या वतीने घरं मोजायची नाहीत. मुद्दाम हरायचंही नाही, पोरांना ते लगेच कळतं.

सगळे कागद एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लाव, ती वहीही त्यातच ठेव. पुढे परीक्षेत लेखनिक आणि जास्तीचा वेळ मागताना हेच लागतं. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं जास्तीची सांगितली होती. आणि लेखनिक मिळणार असेल तर आठवीपासूनच त्याला उत्तर तोंडाने सांगायची सवय लाव. तू लिही, तो सांगेल. कुठे थांबायचं, नवा मुद्दा कुठून घ्यायचा, हे त्याने बोलून सांगायचं, आणि त्याने जे सांगितलं नाही ते तू लिहायचं नाही.