कल्पित हालचाल व इलेक्ट्रोडची जागा

हात हलविण्याची नुसती कल्पना केली तरी मेंदूच्या चालक भागावरील ८ ते १३ हर्ट्झची म्यू लय क्षीण होते. पक्षाघाताच्या रुग्णाची इच्छा संगणकास कळविणारी यंत्रे हाच बदल टिपतात.

इलेक्ट्रोडची जागा अंदाजाने नव्हे, तर १९५८ साली जॅस्पर यांनी मांडलेल्या १०-२० पद्धतीने मोजून ठरवितात. नासामूळ ते डोक्यामागील उंचवटा आणि एका कानापुढील खळगी ते दुसरी, या दोन रेषांचे मध्य जेथे जुळतात तो ‘सीझेड’. कानांमधील अंतर ३६ सेंमी असल्यास त्याच्या २० टक्के, म्हणजे ७.२ सेंमी डावीकडे ‘सी३’, तितकेच उजवीकडे ‘सी४’. उजव्या हाताची कल्पना सी३ वर, डाव्याची सी४ वर, पायांची सीझेडपाशी उमटते. ही उलटापालट पक्षाघात पाहणाऱ्या वैद्यांस सांगणे नको.

डोळे मिटताच डोक्याच्या मागील भागात वाढणारी अल्फा लयही याच वारंवारितेची आहे. ती मिसळल्यास रुग्ण आज्ञा देत आहे, असा नातलगांचा भ्रम होतो. यास्तव भोवतालच्या चार इलेक्ट्रोडांची सरासरी वजा करणे आम्हांस श्रेयस्कर वाटते.

शिरोभ्यंग वा शिरोधारा चालू असलेल्या रुग्णाचे केस चाचणीपूर्वी धुवून तेल पूर्ण काढावे; तेलाने विद्युत्-रोध वाढतो.