एक जोडणी, दोन कार्यालये : इंटरनेट अडते कोठे?

केंद्र शासनाने २०११ मध्ये मंजूर केलेल्या आणि पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेचा उद्देश ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेणे हा होता. भिवापूर तालुक्यासारख्या ग्रामीण भागात पंचायतीची हीच जोडणी तारेने शेजारच्या शाळेस देता येते. मात्र पुष्कळदा दोन्ही राउटरचे दिवे लागतात आणि शाळेत इंटरनेट येत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी खोळंबतात, दोष मात्र तारेला दिला जातो.

खरे कारण बहुधा पत्त्यात असते. अनेक राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन येतात. एका गावात एकाच घरक्रमांकाची दोन घरे असल्यास काय घोटाळा होतो, हे पंचायत सदस्यांस सांगावयास नको. शाळेतून 'पिंग' आज्ञेने हा पत्ता तपासल्यास उत्तर मिळते. पण ते शाळेच्याच राउटरचे असते. येथेच फसगत होते.

यासाठी मधली तार क्षणभर काढून शाळेच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ करावा, पंचायतीकडील तार त्याच्या 'वॅन' खाचेत जोडावी व संगणक पुन्हा सुरू करावेत. त्यानंतर ८.८.८.८ कडून उत्तर येऊनही संकेतस्थळ न उघडल्यास नावावरून पत्ता शोधणारी 'डीएनएस' सेवा तपासावी.