वाराणसीचे हॉकीपटू : मोहम्मद शाहिद

मुन्शी घाटासारख्या अनेक घाटांसाठी वाराणसी प्रसिद्ध आहे. या नगरीने देशाला एक श्रेष्ठ हॉकीपटूही दिला. मोहम्मद शाहिद यांचा जन्म येथे १४ एप्रिल १९६० रोजी झाला. चेंडू जणू काठीला चिकटला आहे, अशा सफाईने ते प्रतिस्पर्ध्यांमधून वाट काढीत.

१९७६ च्या ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली. गवताची सवय असलेला भारतीय संघ सातव्या स्थानावर घसरला. अशा मैदानावर नुसते कौशल्य पुरेसे नव्हते, वेगही हवा होता. शाहिद यांच्या खेळात हे दोन्ही गुण एकत्र आले. १९८० मध्ये मॉस्को येथे अंतिम सामन्यात भारताने स्पेनला ४-३ असे हरवले. त्यांतील एक गोल शाहिद यांचा होता. अनेक देशांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार टाकला होता. तथापि भारताला हे सुवर्णपदक सोळा वर्षांनंतर लाभले.

१९८१ मध्ये शाहिद यांना पद्मश्री मिळाली. पुढे त्यांनी भारतीय संघाचे नेतृत्वही केले. २० जुलै २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. मॉस्कोनंतर भारताला हॉकीत ऑलिंपिक पदक मिळाले ते थेट २०२१ मध्ये, टोकियो येथे. त्या संघात वाराणसीचेच ललित उपाध्याय होते.

काळ बदलला म्हणून अंगची कला टाकून द्यावी लागत नाही. तिला नव्याची जोड द्यावी लागते.