दाढ काढण्याआधी

मिरज

चि. वैदेही हिस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. तुझ्या खोलीतल्या मुलीनं तिला सांगितलं म्हणे, की बरेच दिवस तू रात्री करकरा दात खातेस, सकाळी जबडा धरून बसतेस आणि दुखण्याच्या गोळीवर दिवस काढतेस. एवढंच असतं तर मी फोन केला असता. पण पुढे कळलं, पूर्व परीक्षेआधी कटकट नको म्हणून तू खालची डावी दाढ काढून टाकणार आहेस. फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणशील आणि दुसऱ्या दिवशी काढून येशील. म्हणून लिहितोय. ती दाढ काढू नकोस.

माझा सगळा जन्म कवळ्या घडवण्यात गेला, हे तुला सांगायला नको. डॉक्टरांकडून माप यायचं, मी प्लास्टरचा साचा ओतायचो आणि पेशंटचं तोंडही न बघता ओळखायचो, हा झोपेत दात खातो. सुळ्यांची टोकं सपाट, दाढांचे उंचवटे घासलेले, कडांचे टवके उडालेले. इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण झिजला की पुन्हा येत नाही. जागेपणी दुखलं की आपण चावायचं थांबतो. झोपेत तो आवर राहत नाही.

आता गालावर बोटं ठेव आणि दात आवळ. जो गोळा टरारून वर येतो, तो चावण्याचा स्नायू. रात्रीत पुनःपुन्हा आवळून तो आंबतो आणि त्याचं दुखणं दाढांत उमटतं. माणसाला वाटतं, दाढच ठणकते आहे. सकाळी जास्त, दुपारपर्यंत कमी, कानशिलं जड आणि तो गोळा दाबला की तीच ओळखीची कळ, असं होत असेल तर आधी स्नायूचा संशय घ्यायचा. चावताना किंवा चावून सोडताना एकाच जागी सणक जात असेल, गार पाण्यानं ठणका रेंगाळत असेल, तर मात्र दाढेला चीर गेलेली असू शकते. तशी दाढसुद्धा पुष्कळदा कॅप घालून वाचते. डॉक्टरांना ठोकून बघू दे, गार लावून बघू दे, एक्स-रे काढू दे. आणि ‘मी झोपेत दात खाते’ हे स्वतःहून सांग. तू नुसती ‘दाढ दुखते’ म्हणालीस, तर ते दाढच बघतील.

माझं तसंच झालं. तुझ्या वयाचा होतो. दादांचं दुकान बसलं होतं, डेंटलचा प्रवेश हुकला होता, लॅबमध्ये शिकाऊ म्हणून लागलो होतो. उजवी दाढ ठणकायची. एका ठिकाणी गेलो, त्यांनी काढून दिली. दाढ गेली, दुखणं राहिलं; पुढे शेजारची ठणकू लागली. आजी वावडिंगाचा काढा द्यायची, कारण दात खाणं म्हणजे पोटात जंत, हे तिच्या मनात पक्कं. मला पुन्हा परीक्षेला बसायचं होतं. ते दादांना कधी सांगितलंच नाही. दाढेचं काही वाटत नाही आता, पण ते बोचतं.

आणि काय गं, रात्री दहानंतर चहावर चहा कशाला? झोपेत मेंदू मधूनच क्षणभर जागा होतो, ठोके वाढतात, त्याच सुमारास जबडा आवळला जातो. तुटक झोपेवर तू चहा ओततेस! शेवटचा चहा दुपारचा, पुढे नाही. अभ्यासिकेत चघळायला सुपारी, च्युइंगम काही नको. वाचताना मधून मधून बघ, दात एकमेकांना टेकलेत का. ओठ मिटलेले, दात सुटे, असंच एरवी असायला हवं. झोपण्याआधी गालांना गरम फडक्यानं शेक घे. खोलीतल्या मुलीला विचार, तू घोरतेस का, श्वास अडतो का. तसं असेल तर झोपेची तपासणी करावी लागते, कारण त्यानंही दात खाल्ले जातात. दात उंच-सखल आहेत म्हणून हे होतं, असं सांगून कुणी घासून सारखे करायला निघालं, तर उठून निघून ये. ती जुनी समजूत आहे.

नाइट गार्ड मात्र करून घे. डॉक्टरांनी माप घेऊन केलेलं, कडक अ‍ॅक्रिलिकचं. बाजारात तयार मिळतं ते नको. गार्डनं सवय जात नाही, पण झीज त्याची होते, तुझी वाचते. गार पाण्यानं धुवायचं, गरम पाण्यात वाकडं होतं.

मन शांत राहण्याची काही गोळी चालू केली असशील, तर तीही डॉक्टरांना सांग. तशा काही गोळ्यांनी दात खाणं वाढतं. पण मनानं बंद करू नकोस. आणि घरी सांगायला संकोच वाटत असेल, तर मला सांग. ताईला मी काही बोलणार नाही.

जास्त रागावलो वाटतं. तुझा दोष यात नाही, बाळ. ताईसुद्धा लहानपणी झोपेत दात खायची. हे घराण्यात उतरतं, वर तू दोन वर्षं निकालाचं ओझं एकटीनं वाहते आहेस. यंदा यादीत नाव आलं नाही तरी आमच्या घरात तुझं ताट मांडलेलंच असणार, हे कुणीतरी तुला आधीच सांगायला हवं होतं.

शनिवारी कोयना एक्सप्रेसनं ये. संध्याकाळी मी मिरज स्टेशनवर असेन. मामी मऊ भात आणि साधं वरण करील, जबड्याला त्रास नको. इथल्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवू, माप घेऊ. गार्ड मी स्वतः करीन, हात अजून स्थिर आहे. पुस्तकं आणू नकोस. तोपर्यंत दाढेला हात लावू देऊ नकोस कुणाला, आणि रात्री झोप लागली नाही तर फोन कर, कितीही वाजले असू देत.

तुझा,
मामा