अपडेटनंतर लॉगिनला एरर आली, तर

२४ सप्टेंबर २०१४ला बॅशमधला ‘शेलशॉक’ हा दोष जाहीर झाला. एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये फंक्शनसारखा मजकूर ठेवून त्याला पुढे कमांड चिकटवली, की बॅश सुरू होतानाच ती चालवून मोकळं होई. पहिला पॅच अपुरा ठरला, म्हणून पाठोपाठ दुसरा आला. मी तेव्हा एका संशोधन संस्थेचा क्लस्टर सांभाळत होतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो लॉगिन नोड, म्हणून अपडेट आधी त्याच्यावर चढवलं. आतल्या नोडांवर विद्यार्थ्यांचे लांबलचक जॉब चालू होते. ते संपतील तसे ते नोड करायचे ठरलं.

आणि तक्रारी सुरू झाल्या. जॉब पडत होते, आणि त्यांच्या एरर फाइलीत ‘एरर इम्पोर्टिंग फंक्शन डेफिनिशन’ असं लिहून पुढे मॉड्यूल या फंक्शनचं नाव येत होतं. कंपायलर लोड करायला मॉड्यूल लागतं, ते नसलं की सगळंच अडतं. जो तो आपापली बॅशआरसी उघडून ओळी खोडू लागला. एक विद्यार्थिनी काकुळतीला येऊन म्हणाली, “सर, मी त्या फाइलीला हातसुद्धा लावलेला नाही.” ती खरं तेच सांगत होती.

धागा सापडला तो एका विसंगतीत. त्याच नोडवर एसएसएचनं थेट शिरलं तर एरर नाही. जॉब पाठवला तर एरर. एसएसएच आपलं एन्व्हायर्न्मेंट बरोबर नेत नाही, पण आमचे जॉब ते सगळं उचलून नेत. लॉगिन होताना इटीसीतल्या प्रोफाइल-डी फोल्डरातली स्क्रिप्ट मॉड्यूल हे फंक्शन तयार करून एक्स्पोर्ट करते. पूर्वी ते ‘मॉड्यूल’ याच नावानं जाई. पॅचनंतर बॅश त्या नावामागे ‘बॅश-फंक’ आणि पुढे कंस जोडू लागलं. पॅच न झालेल्या नोडवरच्या बॅशला ते नाव वाचताच येईना. स्क्रिप्ट तीच, तिची एक ओळही बदललेली नाही; बदलला होता तो दोन बॅशमधला करार.

म्हणून पॅच पूर्ण होईपर्यंत जॉबबरोबर सगळं एन्व्हायर्न्मेंट पाठवणं थांबवलं आणि जॉबच्या स्क्रिप्टमध्येच मॉड्यूलची फाइल सोर्स करायला सांगितली. अपडेटपूर्वी उघडलेली स्क्रीन सेशनंही बंद करून नव्यानं लॉगिन करावं लागलं, कारण मेमरीत जुनंच बॅश चालू असतं. डिस्कवरची फाइल बदलली म्हणून चालू प्रोसेस बदलत नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एक गोष्ट सगळ्यांत आधी: जे लॉगिन चालू आहे ते बंद करू नका. दुरुस्ती त्या खिडकीत करा, तपासणी दुसऱ्या खिडकीत नवं लॉगिन करून. मग एरर शब्दशः वाचा. तीत फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांक असेल तर तिथेच जा. फाइलच दिसत नसेल तर एन्व्हायर्न्मेंटवर संशय घ्या: ते पूर्ण रिकामं करून, प्रोफाइल आणि आरसी न वाचता बॅश सुरू करा, आणि फाइली एकेक करून सोर्स करा. एक्स लावून ट्रेस घेतलात तर कोणती ओळ अडते ते डोळ्यांसमोर येतं.

पॅकेजनं काय मागे ठेवलंय तेही बघा. आपण बदललेली कॉन्फिग फाइल आरपीएम बहुधा तशीच ठेवतं आणि नवी शेजारी ‘आरपीएम-न्यू’ नावानं टाकतं. डेबियनकडे तीच ‘डीपीकेजी-डिस्ट’ म्हणून दिसते. जुनी स्क्रिप्ट आणि नवं पॅकेज यांची गाठ इथेच पडते. दोन्हींचा डिफ काढा.

प्रोफाइल-डीमध्ये बॅकअप ठेवणार असाल तर नावाच्या शेवटी ‘डॉट एसएच’ राहू देऊ नका. त्या फोल्डरातली अशी प्रत्येक फाइल लॉगिनला वाचली जाते, तुमची ‘जुनी’ प्रतसुद्धा.

घरच्या फोल्डरात बॅश-प्रोफाइल, बॅश-लॉगिन आणि प्रोफाइल यांपैकी पहिली सापडेल तेवढीच बॅश वाचतं. एखाद्या इन्स्टॉलरनं गुपचूप बॅश-प्रोफाइल तयार केली, की वर्षानुवर्षं चालणारी तुमची प्रोफाइल कुठलीही एरर न देता गप्प बसते. पाथ अचानक गायब झाला असेल तर आधी हे तपासा.