‘निग्रह’ या शब्दाचा अर्थ

गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील तेहतिसाव्या श्लोकात भगवंत विचारतात की, प्राणिमात्र आपापल्या प्रकृतीप्रमाणे चालत असता निग्रह तेथे काय करणार? हे वाचून पुष्कळ गृहस्थ साधक खचतात. उपवास, मौन, क्रोध आवरण्याची धडपड, हे सारे व्यर्थच काय? बरे, दुसऱ्या अध्यायात तर ज्याची इंद्रिये निगृहीत, त्याचीच प्रज्ञा स्थिर असे सांगितले आहे.

घोटाळा शब्दाच्या समजुतीत आहे. निग्रह म्हणजे निषेध नव्हे. ‘हे करू नको’ हा निषेध. (हल्ली सभा भरवून करतात तो निषेध निराळा.) निग्रहात ‘ग्रह्’ म्हणजे धरणे हा धातू आहे, आणि धरलेली वस्तू नाहीशी होत नाही. नवव्या अध्यायाच्या एकोणिसाव्या श्लोकात भगवंत हेच क्रियापद पावसाला लावतात: तो आवरून धरणारा मी आणि सोडणाराही मीच. आठ महिने किरणांनी ओढून घेतलेले जल वर्षाकाळी सोडले जाते, असे श्रीशंकराचार्य भाष्यात सांगतात.

म्हैसूरजवळचे कृष्णराजसागर धरण पाहिले म्हणजे हा अर्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. पुण्यास शिकलेले विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता असताना, १९११ साली, त्याचे काम सुरू झाले. पूर्वी कावेरीचा पूर वाहून जाई आणि उन्हाळ्यात शिवनसमुद्रच्या वीजगृहास पाणी अपुरे पडे. अडविलेल्या पाण्याने ती उणीव भरून निघाली, मंड्याकडील शेतेही भिजू लागली. पण त्या भिंतीला दारे आहेत! पातळी वाढताच आपोआप उघडणारी विश्वेश्वरय्यांची दारे प्रथम १९०३ मध्ये पुण्याजवळ खडकवासल्यास बसली. तीच योजना पुढे येथे आली.

एकादशीला अन्न वर्ज्य करून दिवसभर मुलाबाळांवर खेकसणाऱ्या गृहस्थाने भिंत बांधली, दार ठेवले नाही. तिसऱ्या अध्यायातील प्रश्न अशा निग्रहाविषयी आहे. म्हणूनच पुढच्याच श्लोकात भगवंत इंद्रियांच्या विषयांत दबा धरून बसलेल्या रागद्वेषांकडे बोट दाखवितात.

सहाव्या अध्यायात अर्जुन मनाचा निग्रह वाऱ्यासारखा दुष्कर म्हणतो. भगवंत ते मान्य करतात. मन ‘दुर्निग्रह’च, असे म्हणतात. मात्र अभ्यास आणि वैराग्य हा उपाय सांगताना ते ‘गृह्यते’ एवढेच म्हणतात. धातू तोच, ‘नि’ तेवढा गळला आहे.