किब्ला आणि काठीची सावली

मुसलमान लोक नमाज पढताना मक्का शहरातील काबा या वास्तूकडे तोंड करून उभे राहतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. या दिशेला ‘किब्ला’ म्हणतात. मशिदीच्या भिंतीतील कमानदार कोनाडा, म्हणजे मिहराब, हीच दिशा दाखवतो. आपल्याकडे ‘किब्ला पश्चिमेला’ असे सर्रास म्हटले जाते. पण पश्चिमेला म्हणजे नेमका कोठे?

मुंबईचे अक्षांश सुमारे १९.१° उत्तर व रेखांश ७२.९° पूर्व आहेत. काब्याचे अक्षांश २१.४° उत्तर व रेखांश ३९.८° पूर्व. सपाट नकाशावर ही दोन ठिकाणे पट्टीने जोडली, तर रेघ पश्चिमेपासून उत्तरेकडे जेमतेम ४° कलते. परंतु पृथ्वी सपाट नाही! गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट बृहद्वृत्तावरून जाते. ज्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळतो, ते बृहद्वृत्त.

शाळेतील पृथ्वीगोल घ्या आणि न्यूयॉर्क व मक्का यांच्यावर दोरा ताणून धरा. मक्का न्यूयॉर्कपेक्षा बरीच दक्षिणेला आहे. तरीही दोरा न्यूयॉर्कहून ईशान्येकडे निघतो. आहे की नाही गंमत?

मुंबईसाठी असाच हिशेब गोलीय त्रिकोणमितीने केला, तर किब्ला पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे १०° येतो. नकाशाशी फरक फक्त ६° चा. पण मक्का येथून सुमारे ३,४५० किलोमीटर दूर आहे. नकाशाने दाखवलेल्या दिशेने नाकासमोर सरळ गेलो, तर आपण मक्केपासून ३०० किलोमीटरांहून अधिक अंतरावरून निघून जाऊ!

हे गणित जुन्या विद्वानांनी सोडवले होते. अल् बीरूनी याने १०२५ साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात गझनी शहराचा किब्ला गणिताने काढून दाखवला. पुढे भारताविषयी मोठा ग्रंथ लिहिणारा अल् बीरूनी तो हाच.

ज्याला गणित येत नाही, त्याने काय करावे? तेराव्या शतकातील नसीरुद्दीन तूसी याने एक सोपी युक्ती नोंदवली आहे. मक्का कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य काब्याच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या क्षणी जेथे जेथे सूर्य दिसतो, तेथे तेथे सूर्याची दिशा हीच किब्ल्याची दिशा!

हा प्रयोग तुम्हीही करा. २७ किंवा २८ मे रोजी भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सपाट जमिनीवर एक काठी ओळंब्याने उभी करा. सावलीच्या टोकापासून काठीच्या बुडाकडे रेघ ओढा. ती पुढे मक्केकडेच जाईल. १५ किंवा १६ जुलैला हीच वेळ २ वाजून ५७ मिनिटांची. पण तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेले असते. सूर्याकडे मात्र मुळीच पाहू नका. काम सावलीचे आहे. मग तीच दिशा होकायंत्राने तपासा. जवळ लोखंड असेल तर चुंबकसूची फसते. सावली फसत नाही.

प्रामाणिकपणे शोध घेऊनही दिशा थोडी चुकली, तरी नमाज ग्राह्य मानली जाते. तरीसुद्धा त्या विद्वानांनी एकेका अंशासाठी एवढे कष्ट घेतले. त्यातून गोलाचे गणित पुढे गेले, आणि ते साऱ्या जगाच्या उपयोगी पडले.